बेस कुठे टिकतो, आवाज कुठून गळतो: क्लोज्ड-बॅक हेडफोनची पार्श्वभूमी

दणदणीत बेस हवा, शेजारच्याला काही ऐकू जायला नको आणि किंमत खिशाला झेपायला हवी, ही हेडफोन घेणाऱ्यांची नेहमीची मागणी. ऐकताना या तीन वेगवेगळ्या अटी वाटतात. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपाच्या हेडफोनमध्ये पहिल्या दोन मात्र एकाच गोष्टीवर उभ्या आहेत: कपाचं पॅड कानाभोवती किती हवाबंद बसतं. तिसरी अट, म्हणजे स्वस्ताई, बहुतेक वेळा याच जागी नडते.

सायकलचा पंप घ्या आणि त्याच्या तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या पुढे ढकला. आत लगेच दाब तयार होतो. आता अंगठ्याखाली बारीकशी फट ठेवा. दट्ट्या झटक्यात मारला तर अजूनही दाब जाणवेल, पण सावकाश ढकलला तर सगळी हवा फटीतून निघून जाईल. हेडफोनचा पडदा म्हणजे तो दट्ट्या. 5,000 हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला 5,000 कंपनांचा) सूर हा झटका आहे, तर 40 हर्ट्झचा खर्ज ही सावकाश हालचाल. चष्म्याची काडी, केसांची बट, जबड्यामागचा खोलगटपणा यांपैकी कशानेही पॅडखाली फट राहिली की वरचे सूर जवळपास तसेच राहतात आणि बेस मात्र ओसरतो. 50 हर्ट्झच्या आसपास 8-10 डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) फरकही सहज पडतो. ‘या हेडफोनला बेसच नाही’ ही तक्रार खूपदा हेडफोनची नसते, त्या फटीची असते.

सुरुवातीला ही अडचण कोणाच्या गावीही नव्हती. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन यांनी 1910 मध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवून अमेरिकी नौदलाला विकले. वायरलेस तारेचे क्षीण ठिपके आणि रेघा ओळखता येणं एवढंच त्यांचं काम होतं. त्यात बेसचा प्रश्नच नव्हता. 1937 मध्ये बर्लिनच्या ऑयगेन बायर यांच्या कंपनीने डीटी 48 आणला. लाउडस्पीकरसारखी हलती कॉइल वापरणारा हा डायनॅमिक हेडफोन होता आणि आजचे बहुतेक हेडफोन याच तत्त्वावर चालतात. तरीही ही साधनं स्टुडिओ आणि प्रयोगशाळांचीच राहिली.

घरी, स्वतःपुरतं संगीत ऐकण्यासाठी हेडफोन वापरायचा, हा विचार 1958 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जॉन कॉस यांनी एसपी/3 हा स्टिरिओ हेडफोन दाखवला तेव्हा रुळू लागला. पुढच्या काळात कॉस कंपनीने प्रो-4 मालिकेच्या कपांना द्रव भरलेली पॅडं बसवली. द्रव डोक्याच्या उंचसखलपणाप्रमाणे पसरतो आणि फटी बुजवतो, त्यामुळे बेस भरघोस आला आणि बाहेरचा गोंगाटही कमी झाला. त्याची किंमत वजनात मोजावी लागली. तासाभराने मान आणि कान दोन्ही तक्रार करू लागत.

या जडपणाला उत्तर म्हणून 1968 मध्ये जर्मनीच्या झेनहायझरने एचडी 414 काढला. कपाची मागची बाजू मोकळी, कानावर फक्त स्पंज. हलका, हवेशीर, मोकळ्या आवाजाचा. ओपन-बॅक हेडफोनची परंपरा इथून सुरू झाली. 1 जुलै 1979 रोजी सोनीचा पहिला वॉकमन बाजारात आला, तोही अशाच उघड्या, स्पंज लावलेल्या आणि जेमतेम 50 ग्रॅमच्या हेडफोनसह. त्याआधीचे बरेच हेडफोन 300-400 ग्रॅमचे असत, हे लक्षात घेतलं तर हा बदल केवढा मोठा होता ते कळतं.

आवाजाची गळती हा सार्वजनिक त्रास झाला तो मुख्यतः वॉकमनमुळेच. जपानी रेल्वेच्या डब्यात शेजाऱ्याच्या कानातून झिरपणाऱ्या आवाजाला ‘शाकाशाका’ असा शब्दच रूढ झाला. तो अगदी नेमका आहे. गळणारा आवाज नेहमी झांजेसारखा, ‘च्स च्स’ असाच येतो, ढोलासारखा कधीच येत नाही. 100 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साधारण 3.4 मीटर असते आणि चार सेंटिमीटरचा पडदा मोकळ्या हवेत एवढी लांब लहर ढकलू शकत नाही. पडद्याच्या पुढचा आणि मागचा दाब एकमेकांना तिथल्या तिथे पुसून टाकतात. म्हणून उघड्या हेडफोनमध्ये बेस ऐकणाऱ्यालाही नीट मिळत नाही आणि शेजाऱ्याला फक्त वरचे सूर पोचतात. मग बेस कमी वाटतो म्हणून ऐकणारा आवाज वाढवतो आणि ‘च्स च्स’ आणखी वाढतं.

स्टुडिओवाल्यांना हा खेळ परवडणारा नव्हता. गायकाच्या हेडफोनमधला ठेका माइकमध्ये शिरला तर तो ट्रॅकमधून पुसता येत नाही. त्यामुळे त्या जगात बंद कप टिकून राहिले आणि 1980 च्या दशकात चांगलेच सुधारले. 1985 मध्ये सोनीचा एमडीआर-व्ही6 आला आणि 1991 मध्ये त्याच घडणीचा एमडीआर-7506. 40 मिमीचा ड्रायव्हर (पडदा आणि कॉइल मिळून आवाज काढणारा भाग), 63 ओहम (विजेला होणारा रोध), वेटोळ्याची लांब वायर. बायरडायनॅमिकने डीटी 770 मध्ये वेगळीच वाट धरली. कप बंद, पण बेससाठी हिशोबाने ठेवलेली वाट, म्हणजे बेस-रिफ्लेक्स. 1988 चा झेनहायझर एचडी 25 तर कानाला झाकतही नाही, कानावर टेकतो. तरी तो इतका घट्ट दाबतो की डीजे आणि बाहेर ध्वनिमुद्रण करणारे त्यावर भरवसा ठेवतात. बंद कप म्हणजे कानाभोवती मोठा कप, हा समज एचडी 25 खोटा ठरवतो.

झेनहायझरच्याच नंतरच्या एचडी 280 प्रोबद्दल कंपनी बाहेरचा आवाज 32 डेसिबलपर्यंत कमी होतो असं सांगते. त्यासाठी तो डोकं चिमट्यासारखं पकडतो. या धंद्यात फुकट काहीच मिळत नाही. पकड ढिली केली की आराम येतो आणि बेस जातो.

2008 च्या सुमाराला चित्र पुन्हा पालटलं. बीट्सचे हेडफोन आणि सोनीची एक्सबी मालिका यांनी जाडजूड बेस हीच ओळख केली. पुढे आपल्याकडे 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘बोट’ या ब्रँडने इअरफोनच्या एका मालिकेचं नावच ‘बेसहेड्स’ ठेवलं. या लाटेत स्वस्त हेडफोन बनवणाऱ्यांनी एक सोपा मार्ग धरला आणि खरेदीदाराने तो ओळखायलाच हवा. 20 ते 60 हर्ट्झचा खोल बेस हवाबंद बसण्याशिवाय मिळत नाही आणि स्वस्त पॅडवर ते जमेलच असं नाही. मग 100 ते 250 हर्ट्झचा पट्टा फुगवायचा. दुकानात पहिल्या दहा सेकंदांत छाप पडते, पण घरी ऐकताना निवेदकाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा लागतो आणि डग्ग्याची मींड घुमणाऱ्या आवाजात बुडते. याला जोरदार बेस म्हणणं आम्हाला पटत नाही.

मग योग्य बेस किती? 2012-13 पासून हार्मन या ध्वनिसाधनं बनवणाऱ्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी श्रोत्यांना बसवून पसंतीच्या चाचण्या घेतल्या. चांगल्या खोलीत चांगले लाउडस्पीकर वाजताना जसा आवाज येतो, तसाच बहुतेकांना हेडफोनमध्येही आवडला. त्यात साधारण 100 हर्ट्झच्या खाली काही डेसिबलचा उठाव येतो, पण वरचा पट्टा स्वच्छ राहतो. म्हणजे बेसची आवड हा अडाणीपणा नाही, प्रश्न तो कुठल्या पट्ट्यात वाढवला याचा आहे. हार्मनच्याच एकेजी ब्रँडचा के371 हा बंद कपाचा हेडफोन पसंतीच्या याच आलेखाकडे (कुठल्या सुराला किती जोर हे दाखवणाऱ्या रेषेकडे) बघून बनवला गेला. पॅड नीट टेकलं नाही तर त्याचाही बेस कोसळतो, हे मुद्दाम सांगायला हवं. आलेख कितीही चांगला असला तरी फट त्याला जुमानत नाही.

निवडताना उपयोगी पडेल अशी तपासणी दोन मिनिटांची आहे. फोनवर टोन जनरेटर (हवा तो एकच सूर वाजवणारं) अ‍ॅप घ्या, आवाज कमी ठेवा आणि 40 हर्ट्झचा सूर लावा. रोजचा चष्मा घालूनच हेडफोन चढवा. आता दोन्ही कप तळव्यांनी हलके आत दाबा. बेस एकदम वाढला तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाही, मग परीक्षणं काहीही म्हणोत. फारसा फरक पडला नाही तर घडण तुमच्या डोक्याला जुळते. त्यानंतर आवाज थोडा वाढवून 30 हर्ट्झला या. तडतड किंवा खरखर आली तर ड्रायव्हर हद्दीबाहेर ढकलला जातोय. बेस कमी आहे म्हणून इक्वलायझरने (वेगवेगळे पट्टे कमीजास्त करणाऱ्या सोयीने) 10 डेसिबल चढवणाऱ्यांच्या वाट्याला हीच तडतड येते, कारण फटीतून जाणारी हवा भरून काढायला पडदा कितीतरी जास्त हलवावा लागतो.

गळती तपासायला हेडफोन दुसऱ्याच्या डोक्यावर द्या, नेहमीच्या आवाजात गाणं लावा आणि हातभर अंतरावरून कान देऊन ऐका. ‘च्स च्स’ ऐकू आलं तर बोटाने कपाच्या बाहेरच्या भोकांवर आणि मग पॅडच्या कडेवर दाबून बघा. भोकं झाकल्यावर आवाज थांबला तर ती कपाची रचना आहे, बदलणार नाही. पॅडची कड दाबल्यावर थांबला तर पॅड बदलून सुधारता येईल. दोन्हींनी थांबला नाही तर कपाचं प्लॅस्टिक पातळ आहे. स्वस्त मालात बचत सर्वांत आधी इथेच होते, कारण भिंतीचं वजन दुप्पट झालं तर आवाज सुमारे 6 डेसिबलने जास्त अडतो आणि ते जाड प्लॅस्टिक खर्चिक पडतं.

ओहमच्या आकड्याने अनेकांची फसगत होते. डीटी 770 प्रो 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतो. फोनच्या डाँगलमधून (हेडफोनची पिन फोनला जोडणाऱ्या छोट्या जोडातून) 1 व्होल्ट निघत असेल तर 32 ओहमला साधारण 31 मिलिवॉट मिळतात, 250 ओहमला फक्त 4. वेगळा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) नसेल तर 250 ओहम घेऊन आवाज दबकाच राहील. ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम20एक्स (47 ओहम) किंवा एम40एक्स (35 ओहम) फोनवर सहज चालतात. खोक्यावरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज येतो तो आकडा, कधी प्रति मिलिवॉट, तर कधी प्रति व्होल्ट छापलेली असते. 32 ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन आकड्यांत 15 डेसिबलचं अंतर पडतं, म्हणून एकक पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

लोकलच्या किंवा एसटीच्या घरघरीसाठी बंद कप पुरेसा पडत नाही, हेही लक्षात असू द्या. पॅड आणि प्लॅस्टिक 1,000 हर्ट्झच्या वरचा गोंगाट चांगला अडवतात, पण खालची घरघर आत येते आणि नेमकी बेसवर बसते. तिथे नॉइज-कॅन्सलिंगचा, म्हणजे माइकने गोंगाट ओळखून त्याच्या उलट आवाज सोडणाऱ्या सोयीचा, उपयोग होतो. त्यातही कपाच्या आत माइक असलेली रचना घ्यावी. तो माइक कानापाशी पोचणारा दाब सतत मोजतो आणि फटीमुळे गेलेला बेस बऱ्याच अंशी भरून काढतो. चष्मा लावणाऱ्यांना याचा फायदा सर्वांत जास्त होतो.

शेवटी पॅड. कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेन थर घाम आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत सुटतो आणि काळे पापुद्रे कानाला चिकटू लागतात. पापुद्रे दिसायच्या आधीच बेस हळूहळू घटलेला असतो, कारण आतला फोम चेपून पॅड पातळ झालेलं असतं. खरेदीपूर्वीच त्या मॉडेलची सुटी पॅडं मिळतात का ते पाहा. बदलताना मूळ पॅडइतकीच जाडी आणि आतल्या भोकाचा तोच व्यास घ्या. मखमली पॅडं उन्हाळ्यात सुखाची असली तरी त्यांच्या विणीतून हवा जाते, त्यामुळे चामड्यासाठी बेतलेल्या हेडफोनला ती लावली की खोल बेस कमी होतो. वापरून झाल्यावर कोरड्या सुती कपड्याने पुसा. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका, त्याने थर आणखी लवकर तडकतो.