आयर्लंडची शासनव्यवस्था

आयर्लंड हे पश्चिम युरोपातील संसदीय प्रजासत्ताक आहे. १९३७ साली सार्वमताने मंजूर झालेली राज्यघटना आजही लागू आहे. प्रजासत्ताकाची रीतसर घोषणा मात्र १८ एप्रिल १९४९ रोजी झाली. राष्ट्राध्यक्षांना जनता सात वर्षांसाठी थेट निवडते. पद बहुतांशी मानाचे. तरी एखादे विधेयक घटनाबाह्य असल्याची शंका आली, तर ते सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवण्याचा अधिकार त्यांना आहे. कारभार चालवतात ते पंतप्रधान, म्हणजे ‘तीशक’. त्यांना कनिष्ठ सभागृह ‘डॉल’ निवडते.

या व्यवस्थेची खरी गंमत डॉलच्या निवडणुकीत आहे. ४३ मतदारसंघांतून १७४ सदस्य निवडून येतात, प्रत्येक मतदारसंघातून तीन ते पाच. मतदार नावांपुढे १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो. चार जागा असतील तर वैध मतांच्या एक पंचमांशाहून एक मत अधिक, हा कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारी मते. तो ओलांडणाऱ्याची जादा मते आणि तळाच्या बाद उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे वळतात. फेऱ्यांमागून फेऱ्या, कधी कधी मोजणी दिवसेंदिवस चालते. कठड्याला रेलून पक्षांचे कार्यकर्ते उघडल्या जाणाऱ्या मतपत्रिका टिपत असतात, आणि अधिकृत आकड्यांच्या कितीतरी आधी त्यांचा अंदाज बाहेर आलेला असतो. ही पद्धत मोडीत काढायचा प्रस्ताव १९५९ आणि १९६८ मध्ये मतदारांनीच फेटाळला.

एका पक्षाला बहुमत मिळणे यामुळे अवघड. १९२२-२३ च्या यादवी युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या गटांतून निघालेले फिआना फॉल आणि फिना गेल २०२० पासून एकत्र सत्तेत आहेत, पंतप्रधानपद आळीपाळीने. हे पद दोनदा भूषवलेले लिओ वराडकर मुंबईहून गेलेल्या डॉक्टरांचे चिरंजीव. त्यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड.

वरिष्ठ सभागृह ‘शॅनड’ साठ जणांचे. त्यांपैकी अकरा पंतप्रधान नेमतात, सहा पदवीधर निवडतात, उरलेले त्रेचाळीस व्यवसायवार गटांतून येतात. राज्यसभेवरील नामनियुक्त सदस्य ही तरतूद आपल्या घटनाकारांनी इथूनच घेतली.

घटनेतला लहानसा बदलही सार्वमताशिवाय होत नाही. समलिंगी विवाहाला २०१५ मध्ये असाच कौल मिळाला. शॅनड बरखास्त करण्याचा सरकारी प्रस्ताव मात्र २०१३ मध्ये थोडक्या फरकाने पडला.