एका फांदीचा वास: गेवुर्त्सत्रामिनरची पार्श्वभूमी

गेवुर्त्सत्रामिनर ही त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन पिण्याआधी पेला नुसता नाकाशी धरावा. ज्याने लहानपणी परसातला पिवळट, आतून पोकळ जांब खाल्ला आहे, त्याला वास लगेच पटेल. गुलाबपाणीच ते! युरोपातली मंडळी याला लिचीचा वास म्हणतात, आणि ते खरेही आहे. रोज ऑक्साइड हे सुगंधी द्रव्य गुलाबात, लिचीत आणि या वाइनमध्येही असते. पण लिची आपल्याकडची नव्हे. रत्नागिरी-मालवणच्या नाकाला जांबच जवळचा.

नावाचा अर्धा भाग एका गावाचा. त्रामिन हे आल्प्सच्या कुशीतले जर्मन बोलणारे गाव. पहिल्या महायुद्धापर्यंत ते ऑस्ट्रियाकडे होते, आता इटलीत आहे. त्रामिनर हे द्राक्षाचे नाव त्यावरून पडले. मात्र जुनी त्रामिनर अशी घमघमत नसे. फिकट मण्यांची ती जात फ्रान्सच्या ज्युरा भागात सावान्यँ या नावाने अजून लावतात. पुढे तिच्या कुठल्याशा वेलीवर मणी गुलाबी झाले आणि त्या गुलाबी वेलींतल्या एखाद्या फांदीत हा वास उतरला.

फांदीतला असा गुण टिकतो कसा, हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको. बाठ्यातून उगवतो तो रायवळ. तो आईचा गुण धरेल याचा भरवसा नाही. हापूस हापूस राहिला तो कलमामुळे. द्राक्षाचेही तेच. बी पेरून जात राखता येत नाही, काडीच लावावी लागते. १९ व्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातले मळे उजाड केले, तेव्हापासून तिथेही अमेरिकी खुंटावर कलमे बांधतात. म्हणजे आज पेल्यात येणारा वास त्या पहिल्या फांदीचाच, काडी काडी करत इथवर आलेला. मला या द्राक्षात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच.

'गेवुर्त्स' म्हणजे जर्मनमध्ये मसाला. इथे त्याचा अर्थ सुगंधी एवढाच घ्यावा; लवंग-मिरी शोधत बसलात तर निराशा होईल. हे लांबलचक नाव १९ व्या शतकात रुळले. फ्रान्सच्या अल्सास प्रांताने ते १९७३ साली अधिकृत केले, जर्मन स्पेलिंगमधले दोन टिंब वगळून.

घोट घेतल्यावर जिभेवर आंबटपणा कमीच लागतो, दारू जड वाटते आणि शेवटी सालीचा किंचित कडवटपणा उरतो. मण्यांची साल गुलाबी असल्याने रंगही इतर पांढऱ्या वाइनपेक्षा गडद, सोनेरी असतो. आपल्या दमट हवेत बाटली बर्फगार करण्याचा मोह होतो, पण फार गार केली की वास मिटतो. फ्रीजमधून काढून पंधरा मिनिटे थांबावे. नारळाच्या रसातल्या, तिरफळ घातलेल्या बांगड्याबरोबर थोडी गोडसर बाटली छान जमते. सोलकढी मात्र त्या जेवणात नको. आमसुलाच्या आंबटापुढे ही वाइन अगदी मिळमिळीत लागते.