इन्स्ट्रक्शनचा सातबारा

कंपायलर म्हणजे आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम. उतरवताना तो काम वेगवान करायच्या युक्त्या करतो, त्या ऑप्टिमायझेशनबद्दल बोलायचं म्हटलं की पहिलं उदाहरण हमखास ठरलेलं: आठाने गुणायच्या ऐवजी आकडा तीन घरं डावीकडे सरकवा. आपण शंभराने गुणताना दोन शून्यं चिकटवतो, तसंच हे, फक्त द्विमान पद्धतीत. ऐकायला चतुर, शिकवायला सोपं. पण पास लिहिणाऱ्या माणसाची झोप या युक्तीमुळे उडत नाही. (पास म्हणजे प्रोग्रॅमवरून कंपायलरने मारलेली एक फेरी, एका फेरीत एक काम.) झोप उडते ती पुढच्या पायरीमुळे. सरकवण्याची नवी इन्स्ट्रक्शन (म्हणजे एक बारीक आज्ञा) बसली, आता गुणाकाराची जुनी काढून टाकायची. काढण्याआधी एकच विचारायचं असतं: हिच्यावर अजून कोण अवलंबून आहे?

माझं रोजचं काम एलएलव्हीएमवर चालतं, म्हणजे कंपायलर बांधायच्या एका तयार सांगाड्यावर. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात २००० साली ख्रिस लॅटनर या विद्यार्थ्याने मार्गदर्शक विक्रम अडवे यांच्यासोबत हा प्रकल्प सुरू केला. अडवे आपल्या पवईच्या आयआयटीचे पदवीधर. आज सी भाषेचा क्लँग कंपायलर, आणि स्विफ्ट, रस्ट, ज्युलिया या भाषा, ही सगळी मंडळी याच पायावर उभी आहेत. आयफोनवरचं कुठलंही ॲप उघडलंत तर ते बहुधा इथूनच शिजून आलेलं असतं.

तुमचा प्रोग्रॅम आत आला की त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, समजा असे:

क = ब × ८
ख = क + ५
ग = क − १

कागदावर ही तीन वाक्यं दिसतात. कंपायलरच्या पोटात मात्र 'क' असं नाव जवळजवळ नसतंच. तिथे गुणाकाराची इन्स्ट्रक्शन ही मेमरीत ठेवलेली एक वस्तू असते आणि 'ख'च्या पोटात त्या वस्तूचा पत्ता असतो. 'ग'च्या पोटातही तोच पत्ता. क, ख, ग ही नावं आपल्यासारख्यांना वाचता यावं म्हणून छापतात, एवढंच. इथे प्रत्येक नावाला किंमत एकदाच मिळते, पुन्हा कधीच नाही, त्यामुळे इन्स्ट्रक्शन आणि तिचं उत्तर ही एकच गोष्ट मानता येते. ही शिस्त १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या संशोधकांनी घालून दिली. आज जवळपास सगळे मोठे कंपायलर ती पाळतात.

आता गंमत अशी की 'ख'ला 'क'चा पत्ता माहीत आहे, तसाच 'क'कडेही आपल्याला वापरणाऱ्यांचा हिशोब असतो. इंग्रजीत याला यूज-लिस्ट म्हणतात. मला मात्र पहिल्यांदा ती बघितली तेव्हा सातबाराच आठवला. जमीन घेताना माणूस मालकाच्या नावावर थांबत नाही, 'इतर हक्क' या रकान्यावर बोट ठेवून वाचतो: सोसायटीचा बोजा आहे का, कुणाचा विहिरीवर हक्क आहे का. 'क'च्या इतर हक्कांत इथे दोन नोंदी आहेत, 'ख'ची आणि 'ग'ची. त्या असताना 'क' पाडून टाकलीत तर ख आणि ग ओसाड पत्त्याकडे बोट दाखवत राहतील. एलएलव्हीएमची चाचणीसाठीची बांधणी असा प्रयत्न करताच जागच्या जागी कोसळते आणि कोण अजून लटकलेलं आहे तेही छापून दाखवते. ग्राहकाला द्यायच्या बांधणीत ही तपासणी बंद असते. तिथे काय होईल ते नशिबावर.

म्हणून आधी फेरफार. 'क'च्या यादीतल्या प्रत्येकाकडे जाऊन त्याच्या पोटातला पत्ता बदलायचा, 'क'च्या जागी नवी इन्स्ट्रक्शन. एलएलव्हीएममध्ये हे एका हाकेत होतं. यादी रिकामी झाली की 'क' निर्वेध झाली, खुशाल पाडा. किती सुटसुटीत! नवशिक्याला वाटतं, झालं, जिंकलो.

मग तो पहिल्यांदा तपासणी घालायचा पास लिहितो.

समजा प्रत्येक गुणाकारानंतर उत्तर मर्यादेत आहे का ते बघायचं आहे. म्हणजे 'क'च्या खाली एक नवी ओळ, न = तपास(क), आणि यापुढे सगळ्यांनी 'क' सोडून 'न' वापरायचं. नवी ओळ घातली, फेरफाराची हाक मारली, 'क'ला वापरणारे सगळे 'न'कडे वळवले. सगळे म्हणजे खरंच सगळे. 'न' स्वतःसुद्धा 'क'ला वापरतच होती की! तिचाही पत्ता बदलला गेला. आता ओळ अशी दिसते: न = तपास(न). स्वतःच्याच खांद्यावर बसायला निघालेली इन्स्ट्रक्शन. हा खड्डा इतका जुना आहे की प्रत्येक नव्या माणसाला त्यात पडताना बघून जुने लोक चहाचा घोट घेत गालातल्या गालात हसतात. मीही पडलोय. उपाय साधाच: फेरफार करताना 'न'ची नोंद वगळा, किंवा सगळं झाल्यावर तिच्या पोटात 'क' परत ठेवा.

दुसरा खड्डा चालण्यातला. इन्स्ट्रक्शन एका ब्लॉकमध्ये, म्हणजे ओळीने चालणाऱ्या एका गटात, साखळीने जोडलेल्या असतात. प्रत्येकीला पुढची आणि मागची माहीत. ओढा ओलांडताना दगडादगडांवर पाय ठेवत जावं तसा तुमचा पास त्यावरून चालतो. ज्या दगडावर उभे आहात तोच उचलून फेकलात तर पुढचा दगड कुठे आहे हे सांगणारं कुणी उरत नाही, कारण ती माहिती त्या दगडावरच कोरलेली होती. म्हणून आधी पुढच्या दगडावर पाय, मग मागचा काढायचा. एलएलव्हीएममध्ये त्यासाठी तयार सोय आहे. पण तीही फसते, कधी? एक इन्स्ट्रक्शन काढताना तिच्यासोबत निरुपयोगी झालेली शेजारीणही काढलीत, आणि ती नेमकी तुम्ही पाय टाकून ठेवलेला पुढचा दगड निघाली तर. म्हणून मी हल्ली चालताना काहीच पाडत नाही. पाडायच्यांची यादी करत जातो आणि फेरी संपली की शेवटून सुरुवातीकडे पाडतो. वापरणारी आधी, वापरलेली मग. उतरंड उतरवताना वरचं मडकं आधी काढतात, तसं.

तिसऱ्या खड्ड्याने माझे चार दिवस खाल्ले. जरा सविस्तर सांगतो.

एक पास होता, त्यात बघून झालेल्या इन्स्ट्रक्शनची वही ठेवली होती. वहीत नाव लिहायचं कुठलं? पत्ताच लिहिला. अमुक पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन बघून झाली, पुन्हा बघायची नाही. माझ्या मशीनवर सगळं ठीक. सहकाऱ्याच्या मशीनवर, तोच कोड, तीच फाइल, एक ऑप्टिमायझेशन अधूनमधून गायब. कधी होतं, कधी होत नाही. असा बग म्हणजे भूतबाधाच. चौथ्या दिवशी दुपारी उलगडा झाला. पास एक इन्स्ट्रक्शन पाडत होता, पण वहीतला तिचा पत्ता खोडत नव्हता. थोड्या वेळाने नवी इन्स्ट्रक्शन तयार व्हायची, मेमरी देणारा तीच मोकळी झालेली जागा तिला द्यायचा आणि वही म्हणायची, हिला तर मी आधीच बघितलंय. खोली तीच, भाडेकरू नवा, आणि पोस्टमन जुन्याच्याच ओळखीवर चालतोय. जागा पुन्हा तीच मिळते की वेगळी, हे त्या मशीनच्या मेमरीच्या मर्जीवर, म्हणून बगही मर्जीनुसार.

पत्ता धरून ठेवणाऱ्या गोष्टीला पॉइंटर म्हणतात. या दुखण्यावर एलएलव्हीएममध्ये 'व्हॅल्यू हँडल' नावाचा औषधी पॉइंटर आहे. ज्या इन्स्ट्रक्शनकडे तो बघतो ती पाडली गेली की तो आपोआप रिकामा होतो, कुठेच बघत नाही. त्याचाच एक भाऊबंद फेरफार झाला की नव्या पत्त्यावर स्वतः जातो. साध्या पॉइंटरपेक्षा तो महाग, म्हणून सगळीकडे वापरत नाहीत. याच कुळातली आणखी एक चूक म्हणजे पत्त्यांच्या क्रमाने इन्स्ट्रक्शन हाताळणं. पत्ते दर खेपेला बदलतात, म्हणून एकच फाइल दोनदा कंपाइल केली तर दोन वेगळे निकाल निघतात. ग्राहकाला ही गोष्ट समजावून सांगून बघा एकदा.

आतापर्यंतचे पॉइंटर आपल्या घरातले होते, कंपायलरच्या स्वतःच्या पोटातले. तिथे निदान सातबारा असतो. दुसऱ्या जातीचे पॉइंटर तुमच्या प्रोग्रॅममधले, म्हणजे परक्या घरातले. तिथे इतर हक्कांचा रकानाच नाही. बघा:

प जिथे बोट दाखवतो तिथे १० लिही
फ जिथे बोट दाखवतो तिथे २० लिही
प जिथे बोट दाखवतो तिथलं वाचून परत दे

तिसऱ्या ओळीत मेमरीकडे जायचं टाळून थेट १० देता येईल का? प आणि फ वेगळीकडे बघत असतील तर येईल. एकाच जागेकडे बघत असतील तर उत्तर २० आहे. 'देवळामागचा पिवळा वाडा' आणि 'जोशीकाकूंचं घर' हे दोन पत्ते, पण पोस्टमन एकाच दारात जाऊन पोचतो, तसं. कंपायलर या प्रश्नाला चार प्रकारची उत्तरं देतो: नक्की वेगळे, नक्की एकच, थोडे एकमेकांवर चढलेले, आणि सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारं, 'असतीलही'. 'असतीलही' म्हटलं की ऑप्टिमायझेशन हात जोडून मागे सरतं. हा कंपायलर लिहिणाऱ्यांचा आळस नव्हे. हा प्रश्न सर्व प्रोग्रॅमसाठी अचूक सोडवणारी पद्धत असूच शकत नाही, हे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात विल्यम लँडी आणि जी. रामलिंगम यांनी सिद्ध केलं आहे. मग हाती उरतात अंदाज, फक्त ते सुरक्षित बाजूला झुकलेले हवेत. सी भाषेने १९९९ च्या मानकात प्रोग्रॅमरकडून शब्द घ्यायची सोय केली: 'रिस्ट्रिक्ट' लिहिलंत की तुम्ही वचन देता, या जागेकडे दुसरं कुणी बघत नाही. वचन मोडलंत तर कंपायलर जबाबदार नाही.

पवईच्या आयआयटीत उदय खेडकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यातली एक कल्पना मला फार आवडते: जो पॉइंटर इथून पुढे कुणी वापरणारच नाही, तो कुठे बघतो याची चौकशी करायचीच नाही. ऐकल्यावर वाटतं, हे तर उघड आहे. पण त्यामुळे नोंदींचा डोंगर खूप उतरतो.

एलएलव्हीएमनेही एक जुनं ओझं उतरवलं. पूर्वी प्रत्येक पॉइंटरवर 'हा पूर्णांकाकडे बघतो', 'हा दशांशाकडे' अशी पाटी असायची. पाटी जुळली नाही की नुसती पाटी बदलायला एक इन्स्ट्रक्शन घालावी लागे, प्रत्यक्ष काम शून्य. मेमरी कशी वाचायची हे वाचणारी इन्स्ट्रक्शन सांगतेच, मग पाटी कशाला? २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत बिनपाटीचे पॉइंटर हाच रिवाज झाला आणि २०२३ च्या १७ व्या आवृत्तीत जुने पूर्ण गेले. त्या बदलासाठी पास दुरुस्त करताना किती शिव्या दिल्या ते लिहीत नाही. बदल मात्र योग्य होता.

परक्या पॉइंटरबद्दल कंपायलरने काढलेलं अनुमान किती लांब जाऊन पोचू शकतं, ते २००९ साली लिनक्स २.६.३० मध्ये दिसलं. नेटवर्कच्या 'टन' ड्रायव्हरमधल्या एका फंक्शनमध्ये दोन गोष्टी उलट क्रमाने लिहिल्या गेल्या. आधी 'टन' या पॉइंटरच्या आतलं एक मूल्य वाचलं, मग 'टन' रिकामा (म्हणजे शून्य क्रमांकाचा पत्ता धरलेला) असेल तर चूक कळवून परत फिरा. जीसीसी कंपायलरने विचार केला: पहिल्याच ओळीत याच्या आत डोकावलंय. रिकाम्या पॉइंटरच्या आत डोकावणं भाषेला मंजूर नाही, म्हणजे तो रिकामा नाहीच. मग पुढची तपासणी कशाला? इन्स्ट्रक्शन पाडली. नियमावर बोट ठेवून केलेलं काम, एकही फेरफार चुकलेला नाही. फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात शून्य क्रमांकाचा पत्ता मोकळाच असेल असं नसतं. योग्य परिस्थितीत साधा वापरकर्ता तिथे स्वतःची सामग्री मांडून ठेवू शकत होता, आणि तपासणी गेल्यामुळे गाभा ती खरी समजून वापरत होता. त्या वाटेने मशीनचा पूर्ण ताबा मिळवून दाखवणारा प्रोग्रॅम त्याच वर्षी जुलैत जाहीर झाला.

ड्रायव्हरमधल्या त्या दोन ओळींचा क्रम दुरुस्त झाला. शिवाय रिकाम्या पॉइंटरच्या तपासण्या उडवू नकोस, अशी कंपायलरला ताकीद देणारा पर्याय लिनक्सच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणी कशी करायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, घातला गेला. तो अजून तिथेच आहे. दोन वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एका जागेकडे बघत नाहीत असं मानू नकोस, हे सांगणारा पर्यायही तिथेच.