आटपाट नगराची उलटी गोष्ट: सोसायटीत 'श्रेक' लावण्याआधी

उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या गच्चीवर, पार्किंगमध्ये किंवा तालमीच्या हॉलमध्ये आम्ही पडदा बांधतो, प्रोजेक्टर आणि स्पीकर लावतो आणि सिनेमा संपला की सगळं आवरून नेतो. 'श्रेक' ठरला की दोन दिवसांत एखाद्या आईचा फोन येतोच: "राक्षसाचा सिनेमा आहे म्हणे. पोरं रात्री झोपतील ना?"

झोपतात. हा २००१ सालचा ॲनिमेशनपट आहे, दीड तासाचा. विल्यम स्टाइग यांच्या चित्रपुस्तकावरून ड्रीमवर्क्सनं काढला आणि ॲनिमेशनपटांसाठीचं ऑस्कर नव्यानं सुरू झालं तेव्हा पहिलं यालाच मिळालं.

सुरुवातीलाच जुनं, सजवलेलं पुस्तक उघडतं. बुरुजात कोंडलेली राजकन्या, दारात ड्रॅगन, खऱ्या प्रेमाच्या चुंबनानं सुटणारा शाप. वाचणारा खो खो हसतो, हिरवा पंजा पान टर्रकन फाडतो आणि मग कळतं की श्रेकसाहेब संडासात बसून वाचत होते. त्या पानाचं पुढं काय झालं ते आम्ही छापत नाही. पुढचा सिनेमा याच चालीवर जातो. राजा व्हायला राजकन्येशी लग्न हवं म्हणून बुटका लॉर्ड फारक्वाड जादूच्या आरशापुढं उभा राहतो आणि आरसा त्याला तीन राजकन्या दाखवतो, वधूवर मेळाव्यात माहिती वाचावी तशा. त्यातलीला सोडवायला जातो तो राक्षस, म्हणजे श्रेक. पांढऱ्या घोड्याच्या जागी अखंड बडबडणारं गाढव. शेवट इथं सांगत नाही, पण शापाचं जे होतं ते पाहून आज्यासुद्धा एकमेकींकडं बघतात.

आता खरी गोम. उलटी गोष्ट हसवते ती सुलटी पाठ असेल तरच. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटमध्ये हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. राजकन्या सकाळी पक्ष्याबरोबर गाते, सूर चढवत नेते, पक्षीही चढवतो आणि फटकन फुटतो. घरट्यात अंडी उरतात. पुढच्या क्षणी तीच अंडी न्याहारीला! मोठी मुलं लोळून हसली, कारण राजकन्या गाते आणि पाखरं गोळा होतात हे त्यांनी दहादा पाहिलेलं. पुढं चटईवर बसलेली पाच वर्षांची पोर मात्र रडायला लागली. तिच्यासाठी तो फक्त मेलेला पक्षी होता.

तेव्हापासून आम्ही सिनेमाआधी दहा मिनिटं घेतो. आमचा माणूस हिमगौरी, तीन डुकरं, लाकडी पिनोकिओ आणि आजीचे कपडे घालून पलंगात शिरणारा लांडगा अशा गोष्टी मराठीत सांगतो. हा लांडगा श्रेकच्याच पलंगावर सापडतो, त्यामुळं ही गोष्ट वगळू देऊ नका. सोसायटीतल्या एखाद्या आजींनी त्याआधी आटपाट नगर, आवडती-नावडती आणि पोपटात जीव ठेवलेला राक्षस सांगितला तर उत्तमच. रंकाळ्याजवळ एका आजींनी सांगितला, तर मध्येच एका मुलानं विचारलं, "मग श्रेकचा पोपट कुठं आहे?" आम्हाला उत्तर सुचलं नाही.

सिनेमा इंग्रजीत असतो. गाढवाची बडबड वेगवान आहे, सगळी कळत नाही, हसू येतं. अमेरिकेत त्याला 'पीजी' प्रमाणपत्र आहे, म्हणजे पालकांनी जवळ बसावं. संडासाचे विनोद बरेच आहेत. ज्यांना ते चालत नाहीत त्यांनी दुसरा सिनेमा निवडावा, आम्हाला राग नाही.

परवानगीचं एक. घरी ओटीटीवर किंवा डीव्हीडीवर बघणं वेगळं आणि शंभर माणसांना दाखवणं वेगळं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार जाहीर खेळाला हक्कधारकांची परवानगी लागते. ती आम्ही काढतो, तिचा खर्च बिलात वेगळा दिसेल. "पेनड्राइव्ह आहे आमच्याकडं, तेवढा लावा की" असं म्हणू नका. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, १९२९ साली जिथं 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली, त्या गावात चोरीचा सिनेमा लावायला आम्हाला लाज वाटते.

मे महिन्यात गच्चीवर साडेसातच्या आत पडदा नीट दिसत नाही, तेव्हा गोष्टी सातला आणि सिनेमा साडेसातला. वळवाची लक्षणं दिसली तर हॉलची किल्ली कोणाकडं आहे ते आधीच विचारून ठेवा.