मास्टरिंगला फाइल देताना ‘नॉर्मलाइझ’ बंद का ठेवावं?

गाण्याचं मिक्सिंग, म्हणजे सगळी वाद्यं आणि गायन तोलून एकत्र करणं, संपवून फाइल एक्सपोर्ट करायला गेलं की बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉर्मलाइझ’ असा एक पर्याय दिसतो. तो चालू केला की पडद्यावरच्या लाटा उंच आणि भरीव दिसतात, गाणंही जोरात वाजतं. साहजिकच वाटतं, मास्टरिंग, म्हणजे गाणं प्रसिद्ध होण्याआधीचा ध्वनीवरचा शेवटचा हात, करणाऱ्याला अशीच फाइल द्यावी. देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण समजायला गुणाकार येणं पुरेसं आहे.

डिजिटल ध्वनी म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. सीडीच्या दर्जाला एका सेकंदात प्रत्येक चॅनेलचे ४४,१०० आकडे असतात. नॉर्मलाइझ या रांगेतला सर्वांत मोठा आकडा हुडकतं, तो शून्य डेसिबलच्या कमाल मर्यादेपर्यंत न्यायला किती पट लागेल ते काढतं आणि त्या पटीने सगळ्या आकड्यांना गुणतं. सर्वोच्च शिखर −६ डेसिबलला असेल तर सगळं दुप्पट होतं. गायिकेचा आवाज दुप्पट, तिच्यामागची पंख्याची घरघरही दुप्पट. दोन्हींमधलं अंतर तसूभरही बदलत नाही, म्हणजे ध्वनी आधीपेक्षा स्वच्छ होत नाही.

शिवाय हे सगळं ठरतं एका आकड्यावर. अभंगाच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळाचा एखादा ठोका क्षणभर उसळतो आणि अख्ख्या गाण्याच्या आवाजाची पातळी तोच ठरवतो. गाणं कानाला किती मोठं वाटतं हे त्या ठोक्यावरून कळत नाही. ते मोजायला एलयूएफएस हे वेगळं एकक आहे, आणि स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएसला गाणी आणतं ते त्याच मापाने. नावात साम्य असलं तरी ती प्रक्रिया निराळी, आणि ती गाणं प्रसिद्ध झाल्यानंतरची.

मग आवाज मर्यादेला भिडवण्याची सवय आली कुठून? प्रत्येक आकडा १६ बिटमध्ये साठवण्याच्या काळातून. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात, म्हणजे सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला. तिथे हळू रेकॉर्ड केलेलं संगीत गोंगाटाच्या जवळ जायचं. २४ बिटमध्ये पायऱ्या १ कोटी ६७ लाखांच्या वर जातात आणि पल्ला १४४ डेसिबलचा होतो. शिखर −१२ डेसिबलला ठेवलं तरी १३२ डेसिबल उरतात. घरातल्या खोलीची शांतताही त्यापेक्षा कितीतरी गोंगाटाची असते. ‘आवाज कमी ठेवला तर दर्जा जाईल’ ही भीती आता सोडून द्यायला हवी.

इथवर नॉर्मलाइझ फक्त निरुपयोगी ठरतं. खरं नुकसान होतं ते वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे स्टेम्स, पाठवताना. समजा तंबोरा, पखवाज, पेटी आणि गायन अशा चार फाइली आहेत. प्रत्येक स्वतंत्रपणे नॉर्मलाइझ केली की चौघांचीही शिखरं एकाच उंचीला येतात. मागे मंद झंकारणारा तंबोरा गायकाच्या मानेवर येऊन बसतो. प्रत्येक फाइलला वेगळा गुणक लागलेला असतो आणि तो कुठे नोंदवलेला नसतो, त्यामुळे मिक्समध्ये कष्टाने साधलेला तोल समोरच्याला कानाने नव्याने शोधावा लागतो. अल्बमचंही तसंच. आठ गाण्यांमधलं एक मुद्दाम हळुवार ठेवलं असेल, तर नॉर्मलाइझ केल्यावर ते इतरांच्या बरोबरीला, कधी त्यांच्याही वर जातं. मास्टरिंगचं निम्मं काम गाण्यांचं एकमेकांशी नातं जुळवण्याचं असतं. तिथे मूळ नातंच हरवून देणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक बारकावा. आकडे शून्याला टेकले की दोन आकड्यांच्या मधून जाणारी प्रत्यक्ष लाट शून्याच्याही वर जाऊ शकते. मास्टरिंगवाला आवाज खाली आणून हे सावरू शकतो, म्हणजे तुम्ही केलेला गुणाकार उलटा करणं हे त्याचं पहिलं काम होतं. −६ डेसिबल जागा सोडा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सोयीचा आहे, नियम नाही. −३ असलं तरी बिघडत नाही.

मिक्स शून्याच्या वर जात असेल तर? थेट २४ बिटमध्ये एक्सपोर्ट केलं तर लाटेचे माथे छाटले जातात आणि नंतर केलेलं नॉर्मलाइझ ते परत आणत नाही. अशा वेळी शेवटच्या कंप्रेसरनंतरचा (कंप्रेसर म्हणजे आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) आवाज खाली ओढावा. सगळे चॅनेल खाली ओढले तर कंप्रेसरला मिळणारा आवाजही घटतो आणि त्याचं वागणं बदलतं. किंवा ३२ बिट फ्लोट फाइल द्यावी. तिच्यात शून्यावरचे आकडेही शाबूत राहतात. लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरमध्ये फक्त मर्यादा ओलांडली तरच आवाज खाली आणणारा वेगळा पर्याय आहे. तेवढ्यापुरता तो कामाचा.

नॉर्मलाइझचा एका फाइलवरचा परिणाम निदान उलटवता येतो. सगळे आवाज जिथे एकत्र येतात त्या मास्टर ट्रॅकवर दाबून बसवलेल्या लिमिटरचा, म्हणजे मर्यादेवर जाणारी शिखरं दाबणाऱ्या साधनाचा, येत नाही. मेटॅलिका या बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम २००८ मध्ये आला तेव्हा त्याच्या चिरडलेल्या आवाजावर चाहत्यांनीच तक्रार केली. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांचं म्हणणं होतं की मिक्स त्यांच्याकडे आले तेव्हाच चेपलेले होते. म्हणून केवळ आवाज वाढवण्यासाठी लावलेला लिमिटर काढून मूळ सॅम्पल रेटला (सेकंदाला जितके आकडे आधी होते तितक्यालाच) २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट फाइल द्यावी. सोबत लिमिटर लावलेली दुसरी प्रत, नावात ‘फक्त ऐकण्यासाठी’ असं लिहून, जरूर द्यावी. तुम्हाला गाणं किती दणदणीत हवं आहे ते तिच्यावरून कळतं.