न मागता लक्ष दिलं की डोकं आपटणं कमी का होतं?

लाड केले की पोरं डोक्यावर बसतात असं आपल्याकडे सगळेच म्हणतात, म्हणून न मागता, ठरल्या वेळेला लक्ष देण्याची ही थेरपी ऐकली की आईबाप आधी दचकतातच. मूल डोकं आपटतंय, चावतंय, आणि थेरपिस्ट सांगतो की त्याला लक्ष द्या, भरपूर द्या, पण त्याच्या वागण्याकडे बघून नाही, तर घड्याळाकडे बघून द्या. टायमर वाजला की जवळ जायचं, दोन शब्द बोलायचे, मग मूल त्या क्षणी शहाण्यासारखं बसलेलं असो वा नसो.

१९९३ मध्ये वोल्मर, इवाटा आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी हे स्वतःला इजा करून घेणाऱ्या लोकांवर वापरलं, आधी नीट तपासून की हे सगळं लक्ष मिळवण्यासाठीच चाललंय. ही तपासणी फार महत्त्वाची आहे, कारण मूल अभ्यास टाळायला ओरडत असेल तर लक्ष देऊन काय उपयोग, तिथे अधूनमधून सुट्टी द्यावी लागते.

पुढच्या वर्षी हॅगोपियन आणि मंडळींनी एकाच वेळी जन्मलेल्या चार एकसारख्या भावंडांवर प्रयोग केला. दर १० सेकंदांनी लक्ष दिलं तेव्हा मारझोड लगेच खाली आली, दर ५ मिनिटांनी दिलं तेव्हा तेवढा फरक पडला नाही, पण १० सेकंदांपासून सुरू करून अंतर हळूहळू वाढवत ५ मिनिटांवर नेलं तर मात्र फायदा टिकला. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण घरी बहुतेक जण सुरुवातच कंजुषीने करतात आणि आठवड्यात म्हणतात की काही होत नाही.

होतं काय, तर एक म्हणजे पोट भरलेलं असलं की माणूस जेवण मागत नाही, तसंच हे. आणि दुसरं, डोकं आपटलं काय नि नाही आपटलं काय, लक्ष तेवढंच मिळतंय, म्हणजे आपटण्याचा आणि मिळण्याचा संबंधच तुटतो.

एक काळजी मात्र घ्यायची. टायमर वाजला आणि नेमकं त्याच वेळी मूल आपटतंय, तर काही सेकंद थांबून मग जायचं, नाहीतर तो संबंध परत जुळतो. आणि यातून मूल मागायला शिकत नाही, म्हणून सोबत हात वर करणं, कार्ड दाखवणं किंवा "ये ना" म्हणणं वेगळं शिकवावं लागतं, आणि ते अंतर वाढवायला लागायच्या आधीच सुरू केलेलं बरं.