कारखाना खंबाटकी का चढत नाही? : पार्श्वभूमी

पुण्याकडून येणारा कारखाना साताऱ्याच्या वाटेवरच्या खंबाटकी घाटाच्या अलीकडेच थांबतो. असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. जागा देऊन कारखाना खेचून आणायचं तंत्र आपल्या सातारा-सांगली भागाला संस्थानी काळापासून ठाऊक आहे. बेळगावातून उठावं लागलेल्या नांगरांच्या कारखान्याला औंध संस्थानाने कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. कराडजवळच्या ओगलेवाडीचा काचकारखानाही औंधच्याच आश्रयाने वाढला. स्वातंत्र्यानंतर परवाना दिल्लीत मिळायचा, त्यामुळे जिल्ह्याच्या हातात फारसं काही उरलं नाही.

आजची ओढाताण समजायची असेल तर कारखाने मागास भागात जावेत म्हणून सवलती देणारी, 1964 पासूनची राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना बघावी लागते. त्यातला ‘सवलत’ हा शब्द सगळ्यात फसवा आहे. 1999 पर्यंत सवलत म्हणजे मुख्यतः विक्रीकराची माफी, नाहीतर लांबणी. लांबणीत कारखाना गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, तो स्वतःकडे वापरायचा आणि काही वर्षांनी बिनव्याजी भरायचा. शेजारच्या राज्याने मुदत वाढवली की आपल्यालाही वाढवणं भाग पडायचं. या चढाओढीत सगळ्यांच्याच तिजोऱ्या रित्या होऊ लागल्या, तेव्हा 1 जानेवारी 2000 पासून विक्रीकराच्या सवलती बंद करायचं राज्यांनी मिळून ठरवलं. चढाओढ मात्र थांबली नाही. माफीच्या जागी ‘परतावा’ आला. कर आधी भरायचा आणि अनुदान म्हणून मागाहून परत घ्यायचा. मंजुरीचं पत्र वेळेत मिळतं, पैसे मात्र अंदाजपत्रकात तरतूद होईल तेव्हा. 2017 मध्ये जीएसटी आला आणि माल जिथे खपतो तिथल्या राज्याला कर जाऊ लागला. साताऱ्यात बनून चेन्नईत विकलेल्या मालावर महाराष्ट्राला राज्याचा वाटा मिळतच नाही, मग त्याचा परतावा कशातून द्यायचा? कोट्यवधींच्या सवलतीची बातमी वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

दुसरा गुंता गटांचा. योजनेत तालुक्यांची विकसित ‘अ’पासून मागास ‘ड प्लस’पर्यंत अ, ब, क, ड, ड प्लस अशी उतरंड आहे. गट जितका खालचा, तितकी सवलत जास्त आणि तिची मुदत लांब. मोजमाप तालुक्याचं. कारखानदार मात्र ट्रकला किती तास लागतात ते मोजतो. सातारा जिल्ह्यातल्या, घाटाच्या पुण्याकडच्या बाजूच्या खंडाळा तालुक्याचा गट पुण्याला खेटून असलेल्या भागापेक्षा खालचा, आणि त्यातलं शिरवळ तर नीरा नदी ओलांडली की लगेच लागतं. पुण्याचे पुरवठादार, पुण्याची बाजारपेठ आणि वर साताऱ्याची सवलत, असं तिन्ही एकाच जागी मिळत असताना खंबाटकीचा घाट चढून कोण येईल? रंगाचा मोठा कारखाना 2013 मध्ये सुरू झाला तोही खंडाळ्यातच. त्याने रोजगार दिला, ते नाकारायचं कारण नाही. पण हिशेबात तो ‘सातारा जिल्ह्याची गुंतवणूक’ म्हणून धरला जातो, आणि माण-खटावच्या, तशीच सांगलीतल्या जत-आटपाडीच्या पोरांना अजून पुण्याची एसटीच धरावी लागते. या तालुक्यांचे गट उतरंडीच्या तळाकडचे, म्हणजे कागदावर सवलत भरघोस. पाणी आणि महामार्ग मात्र सवलतीत मिळत नाहीत.

खंडाळ्याच्या शेतकऱ्यालाही हे फुकट पडलेलं नाही. संपादनाची नोटीस आली की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात शेरा चढतो. लोक त्याला शिक्का म्हणतात. शिक्का बसला की जमीन विकणं अवघड आणि त्यावर कर्ज काढणंही अवघड. कारखाना यायचा तेव्हा येवो, शिक्का आजपासून लागू. शिक्के उठवा म्हणून तिथे मोर्चे निघाले ते यासाठीच.

बंगळुरू-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या, म्हणजे या दोन शहरांदरम्यान उद्योगक्षेत्रं उभारायच्या प्रकल्पाच्या जागेवरून सातारा जिल्हा स्वतःशीच भांडला. महामार्गाला जवळ म्हणून कोरेगाव, की दुष्काळी म्हणून माण तालुक्यातलं म्हसवड? सभा झाल्या, निवेदनं गेली, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांवर पळवापळवीचे आरोप केले. पारडं म्हसवडकडे झुकलं. उतरंडीच्या तळाकडचा तालुका एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी निवडला गेला, हे आपल्याकडे क्वचितच घडतं. आता म्हसवडच्या माळावर आधी काय पोचतं, पाण्याची पाइपलाइन की सातबाऱ्यावरचा शिक्का, याकडे माणदेशाचं लक्ष आहे.